सरकारने "सर्वांना ब्रॉडबँड" म्हटलं की ते आश्वासन फोडून कसं बघायचं

2009 साल घ्या. ब्रिटनच्या सरकारने 'डिजिटल ब्रिटन' नावाचा जाडजूड रिपोर्ट काढला आणि सांगितलं की 2012 पर्यंत जवळजवळ प्रत्येकाला 2 एमबीपीएस मिळेल. त्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या सरकारनेही 2012 चीच तारीख धरून प्लॅन जाहीर केला, फक्त त्यांचा आकडा होता 1 जीबीपीएस. तारीख एकच आणि आकड्यात 500 पटीचा फरक. आता गंमत बघा, ती तारीख दोघांनाही गाठता आली नाही. कोरियात घरगुती गिगाबिट कनेक्शन विकायला 2014 उजाडलं, आणि ब्रिटनमधे 2010 ला सरकार बदललं तसं नव्या सरकारने ती 2 एमबीपीएसची तारीखच 2015 वर ढकलली. म्हणजे आश्वासन लहान दिलं म्हणून ते वेळेत होतं असं काही नाही, उशीर व्हायचा तो होतोच, पण उशिरा का होईना कोरियावाल्यांच्या हातात गिगाबिट पडलं आणि ब्रिटनवाल्यांच्या हातात 2 एमबीपीएस.

हे आधी सांगतोय कारण कुठलंही सरकार ब्रॉडबँडचं मिळमिळीत टार्गेट ठेवतं तेव्हा सोबत एक वाक्य हमखास येतं, "आम्ही वास्तववादी आहोत". ते ऐकलं की आपण पण मान डोलावतो, चला, निदान खोटं तर बोलत नाहीत. तर असं आश्वासन पेपरात किंवा टीव्हीवर आलं की ते कसं वाचायचं, कुठे दाबून बघायचं आणि मग काय विचारायचं, ते मी ज्या पद्धतीने करतो तसं लिहितोय. पेन, कागद आणि फोनमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरतं.

आधी आकडा सोडा, "पर्यंत" शोधा

मराठीतला हा एक शब्द फार कामाचा आहे (सरकारसाठी). "2030 पर्यंत गावापर्यंत 100 एमबीपीएसपर्यंत स्पीड." एका वाक्यात तीन पर्यंत आणि तिन्हीत मेख. तारखेचा पर्यंत म्हणजे त्याच्या आदल्या दिवसापर्यंत विचारू नका. स्पीडचा पर्यंत म्हणजे 100 च्या वर जाणार नाही एवढीच गॅरंटी, खाली कितीही जाऊ शकतं. आणि गावापर्यंतचा पर्यंत म्हणजे वायर गावात येऊन थांबणार, तुमच्या घरात नाही. तुम्हाला हवा असतो तो शब्द "किमान", तो अख्ख्या घोषणेत एकदा तरी आलाय का बघा. नसेल आला तर कागदावर तेवढंच मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

क्रियापदं पण बघायची. "मिळेल" वेगळं, "उपलब्ध असेल" वेगळं, "कव्हर करू" वेगळं. अमेरिकेत कितीतरी वर्षं हिशोब असा होता की जनगणनेच्या एका ब्लॉकमधे एका जरी घराला कंपनी कनेक्शन देऊ शकत असेल तर तो अख्खा ब्लॉक कव्हर झाला. खेड्यांकडे असे ब्लॉक चांगले ऐसपैस असतात, म्हणजे रस्त्यालगतच्या एका घराला केबल आणि आत डोंगराकडे राहणारे बाकीचे सगळे कागदावर ऑनलाईन. शेवटी ती पद्धत बदलावी लागली आणि 2022 च्या नोव्हेंबरमधे घराघराच्या पातळीवरचा नवा नकाशा आला, ज्यावर लोक स्वतः हरकत घेऊ शकतात.

फिनलंडचं उदाहरण तर सगळे कौतुकाने देतात, 1 जुलै 2010 पासून 1 एमबीपीएस हा कायदेशीर हक्क, असं करणारा जगातला पहिला देश वगैरे. खरं आहे, आणि हक्क म्हणून लिहून दिलं ही मोठी गोष्ट आहेच. पण त्याच्या जोडीला जे मोठं टार्गेट होतं, 2015 पर्यंत 100 एमबीपीएस, ते नीट वाचलं तर असं होतं की 100 चं नेटवर्क जवळजवळ प्रत्येक घरापासून 2 किलोमीटरच्या आत असेल. शेवटचे 2 किलोमीटर तुमचे तुम्ही बघा.

आणि भारतात 2011 च्या ऑक्टोबरमधे मंजूर झालेली योजना, जिला पुढे भारतनेट नाव मिळालं, ती अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची होती, प्रत्येक पंचायतीला 100 एमबीपीएस, मुदत साधारण दोन वर्षं. पहिल्या 1 लाख पंचायती व्हायला 2017 चा डिसेंबर उजाडला. पण उशीर बाजूला ठेवा, मोजायचं एकक काय होतं ते बघा: पंचायत. गाव नाही, घर तर नाहीच. एका पंचायतीत दोन-तीन गावं असू शकतात, गावं सहा लाखांच्या वर आहेत. आणि ते 100 एमबीपीएस घराघरात वाटले तर? 200 घरांनी एका वेळी वापरलं तर भागाकार करा, घरटी अर्धा एमबीपीएस. पंचायत जोडली हे खोटं नव्हतं, आपणच ऐकताना त्याचं "गाव ऑनलाईन झालं" करून घेतलं.

एमबीपीएसची मिनिटं करा

आकडा आता घ्या. पण एमबीपीएस म्हणून त्याच्याकडे बघितलं तर काही कळत नाही, 2 आणि 10 आणि 25 सगळे सारखेच वाटतात. म्हणून मिनिटांत बदला. फाइल किती एमबी आहे त्याला 8 ने गुणा (कारण फाइल बाइटमधे मोजतात आणि स्पीड बिटमधे, कंपन्यांच्या जाहिराती याच्यावरच चालतात), आलेल्या आकड्याला स्पीडने भागा, उत्तर सेकंदात येतं.

1 जीबीचा सिनेमा किंवा सॉफ्टवेअर अपडेट म्हणजे 8000 मेगाबिट. 2 एमबीपीएसवर 4000 सेकंद, म्हणजे एक तास सात मिनिटं, आणि हे लाइन पूर्ण स्पीडने चालली आणि घरात दुसऱ्या कोणी काहीच केलं नाही तर. 10 वर तेरा-साडेतेरा मिनिटं. 100 वर दीड मिनिटाच्या आत.

अपलोडचं गणित वेगळं करा, ते कोणी करत नाही आणि सरकारं पण तिथेच हात आखडता घेतात. ब्रिटनने 2020 च्या मार्चपासून जो कायदेशीर हक्क दिला तो खाली (डाउनलोड) 10 आणि वर (अपलोड) फक्त 1 एमबीपीएस. 300 एमबीचा व्हिडिओ वर चढवायचा तर 2400 सेकंद, 40 मिनिटं. शिकवणी घेणारी बाई, रिपोर्ट पाठवणारा डॉक्टर, घरून काम करणारं कोणीही, यांना वरची वायर लागते. ज्या आश्वासनात अपलोडचा आकडाच नाही ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात तुम्ही फक्त बघणारे आहात, पाठवणारे नाही, असं मी तरी समजतो.

मग एका घराची संध्याकाळ मांडा. एका खोलीत एचडी व्हिडिओ, धरा 5 एमबीपीएस. दुसरीकडे कोणाची तरी मीटिंग, खाली 3 आणि वरही 2-3. पोराचा क्लास, अजून तेवढंच. दोन फोन मागे गुपचूप फोटो चढवतायत. खालचे 10 तर संपलेच, आणि वर 1 असेल तर मीटिंगमधे तुमचा चेहरा थिजलेला आणि आवाज विहिरीतून. "सरासरी कुटुंबाला पुरेल" असं कोणी म्हटलं की हा कागद पुढे करा आणि विचारा, यातलं कोणाला उठवायचं?

तारखेच्या दिवशी तो आकडा किती शिळा असेल

ही पायरी सगळ्यात जास्त लोक चुकवतात. आश्वासन आज दिलेलं असतं आणि आपण त्याची तुलना आजच्या स्पीडशी करतो, आज 4 मिळतंय, 10 देतायत, छान की. पण ते 10 येणार पाच-आठ वर्षांनी. तुलना त्या दिवसाशी करायची.

त्या दिवसाची गरज कशी कळणार? मागे वळून बघा. अमेरिकेच्या एफसीसीने (तिथला दूरसंचार नियामक) ब्रॉडबँड कशाला म्हणायचं ती व्याख्या 2010 ला 4 एमबीपीएस केली, 2015 ला 25, 2024 ला 100 (अपलोड 1, 3 आणि 20). चौदा वर्षांत 25 पट. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचा अभ्यासक जेकब नील्सन, त्याने 1998 मधे एक ठोकताळा मांडला होता की वरच्या थरातल्या ग्राहकाचा स्पीड वर्षाला 50 टक्क्याने वाढतो, त्या हिशोबाने आठ वर्षांत 25 पट होतं. ते जास्त वाटत असेल तर सोडा, वर्षाला 20 टक्केच धरा, तरी आठ वर्षांत चौपटीच्या वर जातं. म्हणजे आज 10 हे जेमतेम असेल तर आठ वर्षांनी जेमतेमसाठी 40 लागणार, आणि सरकार त्या दिवशी 10 घेऊन दारात उभं राहणार. वरातीमागून घोडं.

आणखी एक तपासायचं, पोस्टरवरचा आकडा आणि राजपत्रातला आकडा एकच आहे का. भारताच्या 2018 च्या डिजिटल कम्युनिकेशन धोरणात लिहिलं होतं की 2022 पर्यंत प्रत्येक नागरिकाला 50 एमबीपीएस. भारी. आणि ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या? 2004 ला 256 केबीपीएस, 2013 पासून 512, आणि 2023 च्या जानेवारीत ती वाढवली, किती, तर 2 एमबीपीएस. म्हणजे सगळ्यांना 50 द्यायचं वर्ष संपलं आणि पुढच्याच महिन्यात सरकारने जाहीर केलं की 2 मिळालं तरी त्याला ब्रॉडबँडच म्हणा. ग्राहकसंख्येचे आकडे व्याख्येवर मोजतात, पोस्टरवर नाही, हे लक्षात ठेवलं की "इतके कोटी ब्रॉडबँड ग्राहक" या वाक्याचा अर्थ बराच बदलतो.

वायर कुठे संपते ते विचारा

मला विचाराल तर बाकी सगळं सोडून फक्त हा एक प्रश्न विचारला तरी चालेल. कारण स्पीडचा आकडा ठरला की जमिनीत काय पुरायचं तेही ठरतं.

तांब्याच्या टेलिफोन लाइनवरचं इंटरनेट अंतरावर मरतं. एक्सचेंजच्या शेजारी राहत असाल तर एडीएसएल2 प्लसवर (टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट द्यायचं एक तंत्र) 20 च्या वर मिळेल, पाच किलोमीटरवर 1-2 मिळालं तरी नशीब. जॉइंटमधे पाणी गेलं की तेही गेलं. काचेच्या फायबरला हा त्रास नाही, नेहमीच्या जीपॉन सिस्टिममधे (एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) 20 किलोमीटरपर्यंत (हा पर्यंत खरा) आरामात जातं, आणि महत्त्वाचं म्हणजे उद्या जास्त स्पीड हवा झाला तर काच तीच राहते, दोन टोकांचे डबे बदलायचे. सगळा खर्च असतो तो रस्ता खोदण्यात, परवानग्यांत, मजुरीत. काच त्यामानाने स्वस्त.

आता बघा, सरकारने 100 एमबीपीएस किमान म्हटलं तर बहुतेक ठिकाणी घरापर्यंत फायबर टाकण्याशिवाय सोयीचा रस्ता उरत नाही. 25 म्हटलं तर रस्त्याच्या कोपऱ्यावर एक कॅबिनेट ठेवून तिथून पुढे जुनं तांबंच वापरता येतं. 2 म्हटलं तर? तर काहीच खोदायला लागत नाही. ब्रिटनने ते 2 एमबीपीएसचं वचन शेवटी 2015 च्या डिसेंबरमधे असंच गुंडाळलं, ज्यांच्याकडे लाइन पोहोचली नव्हती त्यांना सॅटेलाइट कनेक्शन बसवायला सबसिडीचं कूपन. 36,000 किलोमीटरवरचा सॅटेलाइट, सिग्नल जाऊन उत्तर परत यायला नुसत्या अंतरामुळे जवळपास अर्धा सेकंद लागतो, त्यावर फोन कॉल करून बघा. आश्वासन पूर्ण झालं, लोकांच्या तोंडाला पानं पुसली गेली.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट तर पाठच करून ठेवा, "आधी थोडं, मग बघू" म्हणणाऱ्याला सांगायला. 2009 च्या एप्रिलमधे केव्हिन रडच्या सरकारने जाहीर केलं की 90 टक्के (पुढे 93 केलं) घरांना थेट घरापर्यंत फायबर, 100 एमबीपीएस, बाकीच्यांना वायरलेस आणि सॅटेलाइट. काम रखडलं, महाग वाटायला लागलं. 2013 मधे विरोधी आघाडीचे टोनी अॅबट आणि माल्कम टर्नबुल पर्यायी प्लॅन घेऊन आले: 2016 पर्यंत सगळ्यांना 25, कोपऱ्यापर्यंत फायबर आणि पुढे तांबं, खर्च 29.5 अब्ज डॉलर. 25 सरासरी घराला पुरून उरतील असं अॅबट छातीठोकपणे म्हणाले होते. निवडून आले. वर्ष संपायच्या आत त्यांच्याच फेरआढाव्यात खर्च 41 अब्जांवर गेला, 2018 पर्यंत 51 अब्जांच्या आसपास. 2016 ची तारीख हुकली. आणि 2020 च्या सप्टेंबरमधे त्याच आघाडीच्या सरकारच्या काळात घोषणा झाली की ज्या गल्ल्यांमधे कोपऱ्यापर्यंतच फायबर नेलं होतं तिथे आता साडेतीन अब्ज खर्च करून ते पुढे नेणार. त्याच गल्ल्या, त्याच कॅबिनेटपासून पुढे.

म्हणून कमी आकडा ठेवणं म्हणजे काटकसर, हे मला पटत नाही. तो एकच खड्डा दोनदा खणायचा निर्णय असतो, फक्त दुसऱ्या खड्ड्याचं बिल पुढच्या सरकारच्या नावावर.

(फायबर आहे म्हटलं तरी एक विचाराच, किती घरांत वाटलंय. जीपॉनची एक लाइन साधारण 2.5 जीबीपीएसची, ती 32 घरांत वाटली तर सगळे एकदम आले तरी घरटी 75-78 मिळतं, जे चांगलंच आहे. पण त्याच्या मागची गावाबाहेर जाणारी लाइनच 100 ची असेल तर पुढचं सगळं शोभेचं.)

पैसे आणि हक्क, पटकन

पैशाची सोय आश्वासनातच आहे का ते बघा. डिजिटल ब्रिटनवाल्यांनी प्रत्येक लँडलाइनवर महिना 50 पेन्सचा कर सुचवला होता, 2010 च्या निवडणुकीआधी तो बाजूला पडला. आणि "हक्क" असेल तर त्याला खर्चाची कमाल मर्यादा कुठे आहे ती शोधा. ब्रिटनच्या 2020 च्या हक्कात ती 3,400 पाउंड आहे, तुमच्या घरापर्यंत लाइन टाकायचा खर्च त्याच्या वर गेला तर वरचे तुम्ही भरा. रानात एकट्या घरात राहणाऱ्यासाठी हा हक्क म्हणजे कोटेशन मागायचा हक्क.

स्वतःचं मोजमाप ठेवा

सरकारला पत्र लिहायचं तर हातात काहीतरी पाहिजे. वायफायवर स्पीड टेस्ट करू नका, लगेच म्हणतात तुमचा राउटरच खराब. लॅपटॉपला केबल लावा, बाकी सगळ्यांचं नेट बंद करा (घरात भांडण होईल, पाच मिनिटांचं काम आहे म्हणून सांगा), दिवसातून तीनदा, पहाटे, दुपारी आणि रात्री नऊ-दहाच्या मधे, निदान दोन आठवडे. वहीत तारीख, वेळ, खाली, वर आणि पिंग (सिग्नल जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात). माझ्या वहीतल्या दोन ओळी देतो: "मंगळवार पहाटे 5:50, खाली 38, वर 9, पिंग 14." "मंगळवार रात्री 9:40, खाली 3.1, वर 0.4, पिंग 180." लाइन तीच, डबा तोच, बिल तेच. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे राउटर बंद करून चालू करा. केला. 3.3 झालं. सरासरी काढून पाठवू नका, सरासरीत रात्रीचे साडेनऊ गायब होतात, अख्खी वही जशीच्या तशी जोडा.

मग पत्र, ई-मेल, माहिती मागायचा अर्ज, जे तुमच्याकडे चालत असेल ते. दूरसंचार नियामक अधूनमधून लोकांकडून सूचना मागवतो, तिथे मुख्यत्वे कंपन्याच लिहितात, म्हणून साध्या माणसाचं एक पान पण वजनदार ठरतं. संतापून लिहू नका, प्रश्न लिहा आणि एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा, नाहीतर सोप्या भागाचं उत्तर देऊन बाकीचं गिळतात. मी हे विचारतो: रात्री 9 वाजता किमान किती स्पीड असेल, खाली आणि वर वेगवेगळा सांगा. मोजणार कोण, कंपनी स्वतः की तिसरं कोणी. वायर कुठे संपणार, ऑफिसात, कोपऱ्यावर की घरात. नाही जमलं तर दंड कोणाला आणि किती. पाच वर्षांनी हा आकडा वाढवायचा झाला तर परत खोदावं लागेल का.

हे पाच प्रश्न मी एका खात्याला पाठवले होते. दीड महिन्याने उत्तर आलं, छान लेटरहेडवर, की योजनेअंतर्गत नागरिकांना 100 एमबीपीएसपर्यंत स्पीड उपलब्ध करून देण्याचे प्रस्तावित आहे. मी त्यातल्या "पर्यंत"ला लाल गोल केला आणि तेच पत्र परत पाठवलंय, खाली एक ओळ लिहून: किमान किती?